रेडकाच्या वाट्याचें दूध

सकाळच्या चहांतलें दूध पुष्कळ घरीं म्हशीचें असतें. पण त्या दुधाचा मूळ धनी जें रेडकूं, त्याची विचारपूस आपण क्वचितच करतों.

म्हैस व्याल्यावर पहिल्या दिवशीं निघणारा दाट, पिवळसर चीक म्हणजे आपल्या दृष्टीनें खरवसाची सामग्री. रेडकाला मात्र तो अन्नही आहे आणि औषधही. मनुष्याच्या अर्भकाला रोगांशीं झगडणारीं द्रव्यें आईच्या उदरांतच नाळेवाटे मिळतात. रेडकाला तीं तेथें मिळत नाहींत. हीं द्रव्यें प्रथिनेंच असून चिकांत सांठविलेलीं असतात, आणि आंतड्यांतून तीं न पचतां रक्तांत शिरूं शकतात तीं केवळ जन्मानंतरच्या कांहीं तासांत. चोवीस तासांनीं हें दार जवळजवळ मिटतें. म्हणून तासा-दोन तासांच्या आंत पहिला चीक त्याच्या पोटांत गेला पाहिजे. दिवसभरांत वजनाच्या सुमारें दहाव्या हिश्शाइतका, म्हणजे ३० किलोच्या रेडकास ३ लिटर. त्यानंतर उरेल त्याचा खरवस खुशाल करावा. मीही आवडीनें खातों.

मोठ्या म्हशीच्या पोटाच्या पहिल्या कप्प्यांत असंख्य सूक्ष्म जंतु राहतात. निकृष्ट वैरणीवर पोसून ते आपल्या शरीरांत प्रथिनें बनवितात, आणि पुढें तेच तिचें अन्न होतात. नवजात रेडकाजवळ हा कारखाना नसतो. तो नीट चालूं लागण्यास सुमारें तीन महिने जातात. तोंपर्यंत त्याला उत्तम प्रथिनें आयतींच मिळावयास हवींत. मोठ्या जनावरांच्या खुराकांत कधीं कधीं युरिया मिसळतात. रेडकाला तो घातकच.

दुसऱ्या आठवड्यापासून मक्याचा भरडा, भुईमुगाची पेंड, गव्हाचा कोंडा व थोडे क्षार असा मूठभर खुराक त्याच्यापुढें ठेवावा. त्यांत शेंकडा २० ते २३ भाग प्रथिनें असावींत. ज्वारीच्या कडब्यांत तीं शेंकडा ४ च्या आसपास, तर भुईमुगाच्या पेंडींत ४० च्या वर. मात्र पेंड बुरसलेली नको. त्या बुरशीचें विष यकृत नासवितें. सरकीची पेंड म्हशीस मानवते, पण तिच्यांतील गॉसिपॉल कोंवळ्या रेडकास बाधतें. जंत तर आईच्या दुधांतूनच येतात, तेव्हां दहाव्या दिवसाच्या सुमारास जंतांचें औषध देणें अगत्याचें.

गवळ्याला दोष देणें सोपें आहे. म्हशीच्या दुधांत शेंकडा ७ च्या आसपास स्निग्धांश असतो, त्यावर भाव ठरतो, आणि रेडकानें प्यालेलें दूध त्याला तोटा वाटतें. मुंबईच्या तबेल्यांत एके काळीं किती रेडकें अशीं उपाशीं गेलीं! मग मेलेल्या रेडकाच्या कातड्यांत भुसा भरून म्हशीपुढें ठेवावयाचा, म्हणजे ती पान्हा सोडते. नर असेल तर विचारावयासच नको. परंतु पारडीचा हिशेब निराळा आहे. ती माजावर येते ती वयापेक्षां वजनावर. रोज ४०० ते ५०० ग्रॅम वाढणारी पारडी वेळेवर विते; अर्धपोटी वाढलेली कित्येक महिने मागें पडते, आणि तेवढे महिने धन्याला तिला फुकट पोसावें लागतें.

दूध परवडत नसेल तर एक तोड आहे. पहिला महिना संपल्यावर हळूहळू साय काढलेलें दूध पाजावें. लोणी जातें, पण प्रथिनें जवळजवळ सारींच मागें राहतात, आणि उणी पडलेली शक्ति मक्याच्या भरड्यांतून भरून निघते.