निळ्या त्रिकोणावर काय लिहिलेलं नसतं

(द्राक्षबागांतल्या मजूर बायांमध्ये काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



दिंडोरी तालुक्यातल्या एका वस्तीवर आमची बैठक होती. विषय होता मजुरीचा. बोलणं संपत आलं तशी एक बाई उठली, झोपडीत गेली आणि पदराआड एक रिकामी बाटली घेऊन आली. बागेच्या बांधावर पडलेली तिने उचलून आणली होती. म्हणाली, "ताई, मालक म्हणतो हे साधं औषध आहे, निळ्या त्रिकोणाचं. मग माझे हात का असे झाले?" दोन्ही हातांवर कोपरापर्यंत लाल चट्टे होते. बाटलीवर लिहिलं होतं, हेक्झाकोनॅझोल ५ टक्के.

मी समाजकार्य शिकलेली बाई, रसायनशास्त्र शिकलेली नाही. त्या दिवशी मला उत्तर देता आलं नाही. नंतर शोधलं, डॉक्टर मैत्रिणींना विचारलं, शेतकी खात्यातल्या माणसांना विचारलं. जे हाती लागलं ते आज तुमच्यासमोर ठेवते.

आधी त्या शब्दाबद्दल. आपण सगळेच 'औषध मारलं' म्हणतो. वेलीला भुरी आली, औषध मारलं. केवडा आला, औषध मारलं. औषध म्हटलं की भीती अर्धी होते. लेकराला पाजतो तेही औषध आणि हेही औषध. बैठकीत मी हट्टाने 'विष' म्हणायला लागले तर बायका हसल्या. एक म्हणाली, "विष म्हटलं तर उद्या कामाला कशी जाऊ?" त्यावर मी गप्प बसले. तिचं खरंच होतं.

भुरीवर जी बुरशीनाशकं मारतात त्यांतलं एक मोठं घराणं आहे अझोलांचं. ओळखायची खूण सोपी आहे. लेबलावर घटकाचं नाव वाचा. शेवटी 'कोनॅझोल' आलं की ते या घराण्यातलं: हेक्झाकोनॅझोल, टेब्युकोनॅझोल, डायफेनोकोनॅझोल, प्रोपिकोनॅझोल. मायक्लोब्युटानिलही याच घराण्यातलं, पण नावावरून कळत नाही. दुकानातलं नाव काहीही असो, बारीक अक्षरातलं नाव पाहायचं. आणि '५ टक्के' याचा अर्थ बाटलीतले शंभरातले पाच भाग हेक्झाकोनॅझोल. उरलेल्या पंच्याण्णवात इतर घटक असतात. ईसी लिहिलेलं असेल तर त्यात तेलासारखी द्रावकं असतात. ती कातडीला झोंबतात आणि विष आत शिरायला वाट करून देतात.

आता त्या त्रिकोणाकडे येऊ. लाल, पिवळा, निळा, हिरवा हे चार रंग आपण कार्यकर्त्यांना शिकवतो, पोस्टर लावतो. पण हे रंग ठरतात कसे? उंदरांना ते रसायन तोंडावाटे देतात आणि निम्मे उंदीर मरायला किती लागलं ते मोजतात. उंदराच्या वजनाच्या दर किलोमागे १ ते ५० मिलिग्रॅमला मेले तर लाल, ५१ ते ५०० ला पिवळा, ५०१ ते ५००० ला निळा, त्याच्याही पुढे हिरवा. म्हणजे रंग सांगतो की एका झटक्यात मारायला किती विष लागतं. महिनोन्महिने थोडंथोडं अंगावर आलं तर काय होतं, कातडीचं काय होतं, पोटातल्या गर्भाचं काय होतं, यातलं काहीही तो रंग सांगत नाही. मालक खोटं बोलत नव्हता. रसायन निळ्याच त्रिकोणाचं होतं. आणि हेक्झाकोनॅझोलने कातडीला ॲलर्जी होऊ शकते हेही नोंदलेलं आहे. एकदा झाली की पुढे थोड्याशा संपर्कानेही चट्टे उठतात. तिच्या हातांना याच रसायनाने झालं की आणखी कशाने, हे तपासल्याशिवाय कोणी सांगू शकणार नाही. पण 'निळा आहे म्हणून नाही' हे उत्तर चुकीचं, एवढं नक्की.

गर्भाची गोष्ट जरा सावकाश सांगते. बुरशीच्या पेशीला आवरण असतं. ते बांधायला एर्गोस्टेरॉल नावाचा पदार्थ लागतो. तो तयार करणाऱ्या एका एन्झाइमला अझोल अडवतं, म्हणून बुरशी मरते. माणसात एर्गोस्टेरॉल नसतं, म्हणून माणसाला भीती नाही असं सांगतात. पण त्या एन्झाइमचे भाऊबंद आपल्या शरीरात आहेत. यकृतात आहेत, अंडाशयात आहेत, वारेत आहेत. त्यांतलं अरोमॅटेज नावाचं एन्झाइम इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक तयार करतं. काही अझोलं त्यालाही अडवतात. हा नुसता तर्क नाही. तुमच्यातल्या जुन्या मैत्रिणींना लेट्रोझोल आठवत असेल. स्तनाच्या कॅन्सरचं ते औषध अरोमॅटेज बंद पाडण्यासाठीच बनवलं आहे आणि तेही याच रासायनिक कुळातलं. वंध्यत्वासाठी ते वापरायला आपल्या सरकारने २०११ मध्ये बंदी घातली होती, २०१७ मध्ये ती उठवली. अंगावरून पांढरं जातं, खाज येते म्हणून फ्लुकोनॅझोलची गोळी देतात, तीही याच घराण्यातली. गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत ती मोठ्या मात्रेत आणि बरेच दिवस घेतली तर बाळात व्यंग येऊ शकतं, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०११ मध्ये दिला. म्हणजे दवाखान्यात 'दिवस गेलेत का?' हे विचारून द्यायची गोष्ट. बागेत कोण विचारतं?

शेतीतल्या अझोलांचं म्हणाल तर गाभण उंदरांवरच्या प्रयोगांत टेब्युकोनॅझोल आणि प्रोपिकोनॅझोल यांनी संप्रेरकांत बिघाड केलेला दिसला, पिलांवर परिणाम दिसले. प्रयोगातले डोस बागेतल्यापेक्षा बरेच मोठे असतात, हे मुद्दाम सांगते. नाहीतर आपण गावात जाऊन घाबरवून येऊ आणि दुसऱ्या दिवशी कोणी आपलं ऐकणार नाही. तरीही युरोपात टेब्युकोनॅझोलच्या वर्गीकरणात 'गर्भाला हानीचा संशय' लिहावं लागतं. प्रोपिकोनॅझोल तर त्याहून वरच्या धोक्याच्या वर्गात गेलं आणि २०१८ मध्ये युरोपीय संघाने त्याची परवानगी पुढे चालू ठेवली नाही. हेक्झाकोनॅझोलला तिथे परवानगी नाही. आपल्याकडे ते कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतं.

यवतमाळचं २०१७ साल आपण विसरलेलो नाही. कपाशीवर फवारणी करताना वीसहून जास्त माणसं गेली, शेकडो दवाखान्यात भरती झाली. ती विषं वेगळी होती, कीटकांवरची, जहाल. माणसं कोसळली म्हणून ती बातमी झाली. अझोलाने कोणी बांधावर कोसळत नाही. म्हणून त्याची बातमी होत नाही, पंचनामा होत नाही.

आणि अंगावर येतं कोणाच्या? १९६८ चा कीटकनाशक कायदा आणि १९७१ चे नियम आहेत. कायद्यात बुरशीनाशकही कीटकनाशकातच मोडतं, हे लक्षात ठेवा. हातमोजे, चष्मा, बूट, अंगभर कपडे, प्रशिक्षण, वैद्यकीय तपासणी हे सगळं नियमांत लिहिलेलं आहे. पण नियम लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर कारखान्यातला कामगार आहे आणि पंप धरलेला माणूस आहे. ब्लोअर चालवणारा पुरुष मास्क लावून एका तासात बाग मारून निघून जातो. मग टोळी आत शिरते. ऑक्टोबर छाटणीनंतर फेलफुटी काढणं, शेंडे मारणं, घड डिपिंग करणं, मणी विरळणं ही सगळी कामं बायांची. दिवसभर पानात हात, डोक्यावर मांडव, तोंडावर ओली पानं. त्याच हाताने भाकरी, त्याच हाताने बाळाला पदराखाली घेणं. तिने पंपाला हात लावलेला नसतो, म्हणून तिचा संपर्क कुठेच मोजला जात नाही.

मालकिणीचंही तेच. लहान बागायतदाराची बायको नवऱ्याचे फवारणीचे कपडे घरच्या धुण्यात धुते. धुणं हे घरकाम, मग त्याला विषाशी संपर्क कोण म्हणणार? हा मुद्दा घेऊन गेलात तर बागायतदार घरातल्या बायका तुमच्याशी बोलतील. माझ्याशी बोलल्या.

त्या बैठकीत आम्ही बाटलीवरचं पत्रक भिंग लावून वाचलं. शेवटच्या फवारणीनंतर काढणीपर्यंत किती दिवस थांबायचं ते होतं. फवारणीनंतर माणसाने बागेत किती तासांनी शिरायचं ते आम्हाला सापडलं नाही. निर्यातीच्या द्राक्षाचा घड प्रयोगशाळेत जातो, त्यातला अंश किलोमागे मिलिग्रॅमच्या बारीक हिशेबात मोजतात, जास्त निघाला तर माल अडतो. खाणाऱ्याची ही काळजी योग्यच आहे. पण घड हाताळणाऱ्या बाईच्या हातावर किती अंश आहे, हे कोणी मोजायला येत नाही. अमेरिकेत पुन्हा प्रवेशाची मुदत लेबलावर छापावीच लागते. रसायनाप्रमाणे आणि कामाप्रमाणे ती काही तासांपासून काही दिवसांपर्यंत असते. तेवढं तरी आपण मागू शकतो.

आज करता येण्यासारखं सांगते. पानं ओली असताना आत जायचं नाही. फवारा पूर्ण वाळायला हवा आणि शक्यतो दुसऱ्या दिवशीच जायचं. हात कोपरापर्यंत झाकायचे ते रबरी हातमोज्यांनी. जुन्या साडीची फडकी बांधू नका. कापड विष शोषतं आणि दिवसभर कातडीला लावून ठेवतं. तोंडावरच्या रुमालाचंही तसंच. विष पाण्यात काठीने ढवळायचं. जेवणाआधी, तंबाखूआधी, बाळाला घेण्याआधी साबणाने हात धुवायचे, म्हणून बांधावर पाणी आणि साबण मालकाने ठेवायचा. ही मागणी अगदी स्वस्त आहे, तिच्यापासून सुरुवात करा. फवारणीचे कपडे वेगळ्या बादलीत, मोजे घालून, दोनदा धुवायचे. रिकाम्या बाटल्या तीनदा विसळून भोकं पाडायच्या, तेल-पाण्याला घरात आणायच्या नाहीत. डोळ्यात गेलं तर पंधरा मिनिटं स्वच्छ पाण्याची धार. पोटात गेलं तर ओकारी काढू नका, द्रावक फुप्फुसात जाऊ शकतं. आणि दवाखान्यात लेबल सोबत न्या. अझोलावर खास उतारा नाही, लक्षणांवर उपचार करतात. कीटकनाशकाची विषबाधा म्हटली की ॲट्रोपिनचा विचार होतो. ते दुसऱ्या विषांवर चालतं. कोणतं विष आहे हे डॉक्टरला कळायलाच हवं.

आता अडचणीचं. गरोदर बाईने या कामाला जाऊ नये असं पोस्टर काढणं सोपं आहे. आमच्या टोळीतल्या एकीला चौथा महिना होता आणि तिने तो मुकादमापासून लपवला होता. पेठ-सुरगाण्याहून उचल घेऊन आलेली. तिला काढून टाकलं असतं तर उचल कोणी फेडायची? आपण 'गरोदर बायांना मनाई' मागितली तर मालक ती आनंदाने मान्य करेल आणि पोट लपवणाऱ्या बाया वाढतील. म्हणून मनाई मागायची नाही असं माझं मत झालं आहे. बाग सगळ्यांसाठीच सुरक्षित झाल्याशिवाय कोणी आत शिरायचं नाही आणि थांबलेल्या वेळेची मजुरी मिळाली पाहिजे, असं मागायचं. पुरुषांच्या शरीरालाही संप्रेरकं आहेतच.

बागायतदार म्हणतात, भुरी थांबत नाही, मजूर मिळत नाहीत, भाव पडलेत. तेही खोटं नाही. उक्त्या कामात तर बायाच म्हणतात, थांबलो तर आमचंच एकर राहतं. त्या वस्तीवर बायांनी दोन गोष्टी ठरवल्या. बागेच्या तोंडाशी पाटी लावायची: काय मारलं, किती वाजता मारलं. आणि टोळीला थांबावं लागलं तर अर्ध्या दिवसाची मजुरी. पाटीला तीन बागायतदार तयार झाले, त्यातल्या एकाची पाटी त्याची बायकोच लिहिते. अर्ध्या मजुरीला अजून एकही तयार नाही. छाटणी सुरू होण्याआधी, उचल ठरतानाच हे पुन्हा काढायचं आहे. तुमच्या भागात कोणी ही मजुरी मिळवली असेल तर कशी मिळवली ते आज जेवणाच्या सुट्टीत मला नक्की सांगा.