आठवडाभर घरात राहणारा चेहरा



थेट विषयाला हात घालतो, कारण बाहेरच्या दालनात लावलेली मुखपृष्ठं मी सकाळीच पाहून आलो आहे. टीव्ही कार्यक्रमांच्या साप्ताहिकाचं मुखपृष्ठ करा, असं तुम्हा उपयोजित कलेच्या विद्यार्थ्यांना सांगितलं होतं. बहुतेकांनी कोपऱ्यात लिहिलंय, ‘वाचक : वय १८ ते ३५’. एवढ्यावरून कुणाला चित्र सुचत असेल, असं मला वाटत नाही.

या धंद्याची गोम अशी, की आतला मुख्य माल, म्हणजे कार्यक्रमांचं वेळापत्रक, सगळ्यांकडे सारखाच असतो. ब्रिटनमध्ये पूर्वी तसं नव्हतं. बीबीसीचे आठवड्याचे कार्यक्रम ‘रेडिओ टाइम्स’मध्ये आणि आयटीव्हीचे ‘टीव्ही टाइम्स’मध्ये. ज्याला दोन्ही हवेत, त्यानं दोन्ही अंक विकत घ्यायचे. १९२३ साली निघालेला ‘रेडिओ टाइम्स’ अशा निवांतपणात एरिक फ्रेझरसारख्या चित्रकाराला ऐसपैस जागा देऊ शकला. त्याच्या १९८८च्या नाताळच्या जोडअंकाच्या १ कोटी १२ लाखांहून जास्त प्रती खपल्या. १ मार्च १९९१ रोजी ही मक्तेदारी संपली आणि त्याच महिन्यात ‘व्हॉट्स ऑन टीव्ही’ हा स्वस्त अंक बाजारात उतरला. वेळापत्रक सगळ्यांचंच झालं, मग झुंज उरली मुखपृष्ठांची.

स्वस्त अंकांनी मालिकांतल्या चेहऱ्यांची दाटी केली. कोण कुणाला फसवणार, कुणाचं लग्न मोडणार, हे मुखपृष्ठावरच सांगून टाकलं. कलाशाळेत याला नाकं मुरडतात. मी मुरडणार नाही. मंगळवारचं गुपित आधीच्या शनिवारी कळावं असं वाटणारा वाचक असतो आणि त्या संपादकांनी त्याला नेमकं ओळखलं होतं.

आता ३० एप्रिल ते ६ मे २००५ या आठवड्याचा ‘रेडिओ टाइम्स’ घ्या. ५ मेला ब्रिटनची सार्वत्रिक निवडणूक होती. बरीच वर्षं बंद असलेली ‘डॉक्टर हू’ ही विज्ञान-काल्पनिक मालिका नुकतीच परतली होती आणि ३० एप्रिलच्या शनिवारी तिच्यातले जुने शत्रू, डालेक नावाचे यंत्रजीव, पुन्हा पडद्यावर येणार होते. मुखपृष्ठावर वेस्टमिन्स्टरच्या संसदभवनाच्या पार्श्वभूमीवर डालेक आणि शब्द दोनच : ‘व्होट डालेक!’ शाळकरी पोराला त्यात राक्षस दिसला. त्याच्या बापाला, फार तर आजोबाला, १९६४ साली याच मालिकेत वेस्टमिन्स्टर पुलावरून सरकणारे तेच डालेक आठवले. मालिका कधीच न पाहिलेल्यालाही निवडणुकीचा विनोद कळला. एका घरातली तीन माणसं एका चित्रात आली. २००८ साली वाचकांच्या मतदानात हे ब्रिटनमधलं आजवरचं सर्वोत्तम मुखपृष्ठ ठरलं. वयोगटाच्या तक्त्यातून असलं चित्र निघालं नसतं. संध्याकाळी सोफ्यावर कोण कोण बसतं आणि रिमोट कुणाच्या हातात असतो, हे माहीत असलेल्या माणसालाच ते सुचतं.

शिवाय असा साप्ताहिक अंक स्टॉलवर क्षणभर दिसतो आणि घरात सात दिवस राहतो. आपल्याला दिवाळी अंकामुळे हे कळायला हवं. चित्रकार दीनानाथ दलालांचं मुखपृष्ठ घरात दिवाळी संपल्यावरही वावरायचं आणि त्याचा कंटाळा यायचा नाही. तुमच्या कामात मथळे इतके आहेत, की दुसऱ्या दिवशीच अंक पालथा ठेवावासा वाटेल. एक मोठा मथळा, दोन छोटे, तारीख ठळक. बाकीचं आतल्या पानांवर न्या.

आणखी एक. अमेरिकेतल्या ‘टीव्ही गाइड’नं ऑगस्ट १९८९मध्ये टीव्ही-सूत्रसंचालिका ओप्रा विन्फ्रीला मुखपृष्ठावर घेतलं. चेहरा तिचा, अंग मात्र अभिनेत्री अ‍ॅन-मार्गरेटच्या एका जुन्या प्रसिद्धीछायाचित्रावरून चितारलेलं. लबाडी उघडी पडली आणि अंकाची शोभा झाली. जो प्रेक्षक ओप्राला रोज टीव्हीवर पाहत होता, त्यालाच गिऱ्हाईक करायचं होतं आणि त्यालाच बनवायला निघाले! तेव्हा चित्रकाराला निदान कुंचला चालवावा लागला. आज संगणकावर हे दोन मिनिटांचं काम आहे. बाहेरच्या दालनात असे दोन-तीन नमुने मला दिसले. ज्यांचे असतील त्यांनी जेवणाच्या सुट्टीत मला भेटावं. नावं मी व्यासपीठावरून घेणार नाही.