चौकात तुटणारा सायकल मार्ग
पुण्यातल्या सायकल मार्गांवर सायकली दिसत नाहीत, मग त्यांवर पैसा कशाला, असं विचारलं जातं. पण ते मार्ग जवळून पाहा. पेव्हर ब्लॉक उखडलेले, मध्येच विजेचा डीपी, त्याला टेकून उभ्या दुचाक्या. आणि जिथे धोका सर्वांत जास्त, त्या चौकातच मार्ग संपतो. अशा वाटेवर शाळकरी मुलीला कोणते आईवडील पाठवतील?

सायकल न चालवण्यासाठी उन्हाचं कारण सांगणाऱ्यांनी स्पेनमधलं सेव्हिल पाहावं. तिथेही उन्हाळ्यात पारा चाळिशी गाठतो. तरी २००६ नंतर थोड्याच वर्षांत सुमारे ८० किलोमीटरचे, वाहनांपासून वेगळे आणि मुख्य म्हणजे एकमेकांना जोडलेले मार्ग झाले, आणि सायकलस्वार कितीतरी पटींनी वाढले. पुण्यातले रस्ते अरुंद आहेत, ही हरकत जुन्या पेठांपुरती खरी आहे. तिथे स्वतंत्र मार्गापेक्षा गाड्यांचा वेग आवरणं अधिक उपयोगाचं. पुणे महापालिकेने सायकल आराखडा २०१७ मध्येच मंजूर केला आहे. अंदाजपत्रकासाठी महापालिका नागरिकांकडून कामांच्या सूचनाही अर्जाद्वारे मागवते. त्या अर्जात आपल्या चौकातला तुटलेला सायकल मार्ग जोडण्याचं काम जरूर सुचवा.