चाक कुणाच्या हातात?



माझ्यानंतर बक्षिसं आहेत आणि मग तुमची गाणी, हे मला ठाऊक आहे. पण संमेलन संपलं की दहावी-बारावीची मुलं थेट परीक्षेला भिडणार. म्हणून आज मी ताणाविषयी बोलायचं ठरवलं. मी औषधशास्त्र शिकवते, त्यामुळे मी सुरुवात उंदरांपासून करणार.

अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठात स्टीव्हन मायर यांनी एक प्रयोग अनेक वर्षं, अनेक अंगांनी केला. दोन उंदीर, दोन खोकी. दोघांच्याही शेपटीला अधूनमधून विजेचा झटका बसतो. पहिल्याच्या पुढ्यात एक छोटं चाक आहे. त्यानं ते फिरवलं की झटका थांबतो, त्याचाही आणि शेजारच्याचाही. दुसऱ्यानं काहीही केलं तरी त्याच्या झटक्यावर त्याचा परिणाम होत नाही. म्हणजे दोघांच्या वाट्याला आलेलं दुःख अगदी सारखं, तेवढेच झटके आणि तेवढाच वेळ. नंतर दोघांना अशा जागी सोडलं, जिथून पळून सुटका करून घेता येते. पहिला पळतो. दुसरा बहुतेक वेळा जागीच बसून राहतो. समोर एखादं लहान उंदराचं पिल्लू सोडलं, तर त्याला हुंगायलाही तो फारसा पुढे जात नाही.

असं का होतं? मेंदूच्या तळाशी, मेंदूस्तंभात, डॉर्सल राफे नावाचा पेशींचा एक पुंजका असतो. पुढच्या मेंदूला सेरोटोनिन पुरवणारं हे मोठं ठिकाण. सेरोटोनिनची ओळख सगळीकडे ‘आनंदाचं रसायन’ अशी करून दिली जाते आणि मला ती अजिबात मान्य नाही. दुसऱ्या उंदरात झटक्यांच्या वेळी याच पेशी अनावर झालेल्या असतात. सेरोटोनिन कमी पडलेलं नसतं, ते भरपूर सुटत असतं, आणि त्यामागोमाग भीती वाढते, सुटकेची धडपड थांबते. कोणतंही रसायन मुळात सुखाचं किंवा दुःखाचं नसतं. ते मेंदूत कुठे सुटतं, कधी सुटतं आणि कोणत्या रिसेप्टरला जाऊन भिडतं, यावर सगळं ठरतं.

पहिल्या उंदरात या राफेला आवर घातला जातो. तो घालतो मेंदूचा पुढचा भाग, प्रीफ्रंटल कॉर्टेक्स. २००५ साली मायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा भाग औषधानं तात्पुरता बंद करून पाहिला. उंदीर चाक फिरवत होता, झटका थांबत होता, आणि तरीही नंतर तो दुसऱ्या उंदरासारखाच हतबल वागला. चाक नुसतं हातात असून भागत नाही, ते आपल्या हातात आहे याची नोंद मेंदूनं घ्यावी लागते.

याच मायर यांनी १९६७ साली मार्टिन सेलिगमन यांच्यासोबत कुत्र्यांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले होते. त्यातून सिद्धांत निघाला की हतबलता ही शिकण्यातून येते. तो जगभरच्या पाठ्यपुस्तकांत गेला. जवळजवळ ५० वर्षांनी, २०१६ साली, दोघांनी पुन्हा एकत्र लिहिलं की आपण सांगितलं ते उलटं होतं. लांबलेल्या त्रासात गळून जाणं ही मेंदूची उपजत प्रतिक्रिया आहे. शिकावं लागतं ते ‘यातलं काही माझ्या हातात आहे’ हे. विज्ञान शाखेच्या मुलांनो, ज्या सिद्धांतानं आपल्याला नाव मिळवून दिलं तो आपणच फिरवायचा, यापेक्षा मोठं धैर्य मी आमच्या क्षेत्रात फार थोडं पाहिलं आहे.

तुमच्या वयाशी थेट नातं असलेली एक गोष्ट याच प्रयोगशाळेतून पुढे आली. किशोरवयात ज्या उंदरांना चाकाचा अनुभव मिळाला, ते मोठेपणी इलाज नसलेल्या झटक्यांनीही तसे कोलमडले नाहीत. पालकहो, हे ऐकून मी माझ्या घराकडे पाहिलं. मुलांनी कोणती शाखा घ्यायची, कोणता क्लास लावायचा, कितीला उठायचं, अभ्यासाला कुठे बसायचं, यातलं किती आपण ठरवतो? एखादं तरी चाक खरोखर त्यांच्याकडे द्या. आणि ते फिरवल्यावर काहीतरी बदललं पाहिजे, नाहीतर ते दुसऱ्या उंदराचं खोकं झालं.

आपल्या देशातलं कामही तुम्हाला माहीत असावं. बंगळूरच्या नॅशनल सेंटर फॉर बायोलॉजिकल सायन्सेसमध्ये सुमंत्र चटर्जी यांच्या गटानं उंदरांना रोज २ तास, असे १० दिवस जखडून ठेवलं. स्मरणशक्तीशी संबंधित हिप्पोकॅम्पसमधल्या पेशींच्या फांद्या आखडल्या. भीतीशी संबंधित अमिग्डालातल्या फांद्या मात्र वाढल्या. पुढे २१ दिवस विश्रांती दिली, तरी अमिग्डालाची वाढ आणि उंदरांची धास्ती ओसरली नाही. हिप्पोकॅम्पस तेवढ्या काळात सावरू शकतो. परीक्षा संपून महिना झाला तरी पोरगी दचकून का उठते, असं मला पालक विचारतात, तेव्हा मला हे २१ दिवस आठवतात. मुंबईत कुलाब्याला, टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, विदिता वैद्य यांची प्रयोगशाळा बालपणातल्या ताणाचा आणि सेरोटोनिनचा संबंध उलगडते आहे. जमलं तर ती संस्था एकदा पाहून या.

या प्राण्यांना वेदना होतात. आपल्याकडे अशा प्रयोगाला समितीची परवानगी लागते आणि ती लागलीच पाहिजे. त्यांच्या यातनांतून जे कळलं ते वाढवून सांगण्याचा हक्क मला नाही, म्हणून एक मर्यादाही सांगते. १९७७ साली रॉजर पोरसोल्ट यांनी एक चाचणी आणली. उंदराला पाण्याच्या उंच भांड्यात सोडायचं. थोडा वेळ तो धडपडतो, मग नुसता तरंगतो. नैराश्यावरची अनेक औषधं दिली की तो जास्त वेळ धडपडतो, त्यामुळे नवी औषधं पारखायला ही चाचणी जगभर वापरली गेली. पण तरंगणारा उंदीर निराश आहे, की शक्ती राखून आहे? यावर आजही वाद आहे, कारण उंदराला विचारता येत नाही.

तुम्हाला विचारता येतं, आणि तुम्हाला सांगता येतं. झोप उडाली, जेवण नकोसं झालं, ज्यात रमायचा त्यात मन लागेना, आणि हे दोन आठवडे टिकलं, तर आई-बाबांना, बाईंना, सरांना सांगा. जगणं नकोसं वाटलं, तर दोन आठवडे थांबू नका, त्याच दिवशी सांगा. त्यांच्याशी बोलवत नसेल, तर सरकारची टेली-मानस सेवा आहे, क्रमांक १४४१६. फोन मोफत आहे, रात्री-अपरात्रीही लागतो आणि मराठीत बोलता येतं. हा क्रमांक प्रत्येक वर्गाच्या सूचनाफलकावर लावावा, अशी विनंती मी चहाच्या वेळी प्राचार्य मॅडमना केली. त्यांनी लगेच होकार दिला आणि अकरावीच्या मुलींनी तक्ते रंगवायचं कामही मागून घेतलं आहे.