नानासाहेबांची चूक : विजयदुर्ग, १७५६



‘थोर पुरुषांच्या घोडचुका’ हा आजचा विषय वाचून आपल्यापैकी पुष्कळांनी मनाशी उत्तर ठरवलेले असेल, आणि ते बहुधा पानिपत हेच असेल. भाऊसाहेबांनी बायकामुले आणि यात्रेकरूंचा लवाजमा बरोबर का नेला, सुरजमल जाटाचा सल्ला का झिडकारला, पुण्याची वाट मागे बंद होईपर्यंत उत्तरेकडे का सरकत राहिले, हे प्रश्न आपण अडीचशे वर्षे चघळतो आहोत. पानिपत नाही म्हटले तर राघोबादादांचा १७७५ चा सुरतेचा तह निघतो आणि त्यानंतर दुसऱ्या बाजीरावाने ३१ डिसेंबर १८०२ रोजी केलेला वसईचा तह. या तिन्हींचे वाद मला ठाऊक आहेत. तरीही आज मी चौथीच चूक आपल्यापुढे ठेवणार आहे. १७५५-५६ साली नानासाहेब पेशव्यांनी इंग्रजांच्या मदतीने तुळाजी आंग्र्याचे आरमार बुडवले, ती मराठी राज्याच्या इतिहासातली सर्वांत मोठी चूक होती, असे माझे स्पष्ट मत आहे.

चूक कशाला म्हणायचे, हे आधी ठरवले पाहिजे. लढाई हरणे ही चूक असेलच असे नाही. पुढे काय झाले ते माहीत असताना मागच्या माणसाला दोष देणे सोपे असते, पण न्याय्य नसते. १७५५ साली नानासाहेबांना प्लासी दिसत नव्हती, म्हणून प्लासीचे खापर मी त्यांच्या डोक्यावर फोडणार नाही. त्या दिवशी त्यांच्यापुढे कोणती माहिती होती, दुसरा मार्ग मोकळा होता की नाही, आणि जे गमावले ते परत मिळण्यासारखे होते की नाही, एवढेच मी तपासणार आहे.

माहितीपासून सुरुवात करतो. कान्होजी आंग्र्यांनी पंचवीसतीस वर्षे कोकण किनारा सांभाळला. त्यांचा दस्तक घेतल्याशिवाय व्यापारी तारवाने या पाण्यातून जाऊ नये, हा त्यांचा दंडक होता. इंग्रज त्यांना चाचे म्हणत. पण पोर्तुगीज आपले परवाने विकत होते, इंग्रज आपले देत होते. मग किनाऱ्याच्या मालकाने तेच केले तर तो चाचा कसा? हा प्रश्न इंग्रजी बखरकारांनी कधी स्वतःला विचारला नाही. मुंबईकर इंग्रजांनी १७१८ मध्ये खांदेरीवर, १७२० मध्ये विजयदुर्गावर आणि १७२१ मध्ये पोर्तुगीजांना सोबत घेऊन कुलाब्यावर चाल केली आणि तिन्ही वेळा हात हलवत परत गेले. कुलाब्याच्या त्या प्रसंगी पेशव्यांची फौज आंग्र्यांच्या मदतीला धावली होती. पेशवे होते थोरले बाजीराव, नानासाहेबांचे वडील. म्हणजे किनाऱ्यावर टोपीकर चालून आला की घाटावरच्या फौजेने खाली उतरायचे, हा धडा नानासाहेबांच्या घरातच घालून दिलेला होता.

दुसरी गोष्ट तर लेखी होती. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमारावर स्वतंत्र प्रकरण आहे. टोपीकर सावकार इतर सावकारांसारखे नव्हेत, त्यांच्यामागे त्यांचा राजा असतो, समुद्रकाठी आणि खाडीच्या मुखाशी त्यांना पाय ठेवायला जागा देऊ नये, द्यायचीच वेळ आली तर किनाऱ्यापासून आत द्यावी, असा याच आज्ञापत्राचा आशय आहे. आज्ञापत्र १७१५-१६ च्या सुमाराचे, म्हणजे विजयदुर्गाच्या चाळीस वर्षे आधीचे. राज्याच्या एका ज्येष्ठ प्रधानाने आयुष्यभराच्या अनुभवातून हे सांगून ठेवले होते. तेव्हा इंग्रज पुढे काय करतील याची कल्पना कोणालाच नव्हती, हे म्हणणे टिकत नाही.

आता तुळाजीकडे वळू. त्याला संत ठरवण्याचा माझा हेतू नाही. १७२९ मध्ये कान्होजी वारल्यावर मुलांत भाऊबंदकी माजली. मानाजी कुलाब्याला आणि संभाजी दक्षिणेकडे असे घर फुटले आणि ते फुटण्यात पेशव्यांचाही हात होता. संभाजीनंतर सरखेली तुळाजीकडे आली. माणूस शूर, दर्यावर्दी म्हणून बापाच्या तोडीचा. त्याने सिद्दीकडून अंजनवेल घेतले आणि इंग्रज-डचांची जहाजे पकडून त्यांना जेरीस आणले. पण तो कोणाचे ऐकणारा नव्हता. शाहू महाराज गेल्यावर तो पेशव्यांना जुमानीनासा झाला. बावडेकर अमात्य आणि वाडीकर सावंत यांच्या मुलखालाही त्याने उपद्रव दिला. त्याला वठणीवर आणणे हे पेशव्यांचे कामच होते. वाद त्या कामाबद्दल नाही, त्यासाठी निवडलेल्या साधनाबद्दल आहे.

१९ मार्च १७५५ रोजी पेशव्यांचे कोकणातले सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकर आणि मुंबईकर इंग्रज यांच्यात करार झाला. दर्यावरच्या मोहिमेची मुखत्यारी इंग्रजांकडे, किल्ले आणि त्यांतली चीजवस्तू मराठ्यांकडे, आणि मोबदल्यात बाणकोट इंग्रजांना. बाणकोट सावित्रीच्या मुखावर आहे. अमात्यांनी जे देऊ नका म्हणून सांगितले होते, नेमके तेच दिले गेले. कोकणच्या मुख्य भूमीवर कंपनीला मिळालेला हा पहिला मुलूख. त्यांनी लगेच किल्ल्याला ‘फोर्ट व्हिक्टोरिया’ हे नाव दिले. ज्या नाना फडणिसांनी पुढे इंग्रजांशी झुंजण्यात हयात घालवली, त्यांचे मूळ गाव वेळास बाणकोटला अगदी लागून आहे. त्या गावावरून जाताना मला दर वेळी या कराराची आठवण होते आणि चीड येते.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये कमोडोर विल्यम जेम्सने हर्णैजवळचा सुवर्णदुर्ग तोफांनी भाजून काढला. किल्ल्यातल्या छपराला लागलेली आग दारूकोठारापर्यंत गेली आणि काही दिवसांत किल्ला पडला. इथे तरी इंग्रजांनी शब्द पाळला आणि किल्ला मराठ्यांच्या हवाली केला. या जेम्सच्या विधवेने १७८४ मध्ये लंडनच्या शूटर्स हिलवर त्याच्या स्मरणार्थ एक मनोरा बांधला. त्याचे नाव सेव्हर्नड्रूग कॅसल, म्हणजे आपला सुवर्णदुर्ग. तो आजही उभा आहे. लंडनला राहणाऱ्या मराठी मंडळींनी एकदा तिथे अवश्य जावे आणि मुलांनाही न्यावे.

विजयदुर्गाची गोष्ट मात्र वेगळी झाली. ॲडमिरल वॉटसनचे राजाचे आरमार आणि लेफ्टनंट कर्नल रॉबर्ट क्लाइव्ह हे दोघे तेव्हा मुंबईत होते. क्लाइव्हला दख्खनमध्ये फ्रेंचांविरुद्ध वापरण्याचा बेत होता, पण तिकडे इंग्रज-फ्रेंचांचा तात्पुरता समेट झाल्याने तो बारगळला. एवढी फौज रिकामी बसवण्यापेक्षा आंग्र्यावर घालू, असे ठरले. जेम्स आधी जाऊन किल्ल्यासमोरचे पाणी मोजून आला. मोठी जहाजे तटाच्या माऱ्याच्या अंतरापर्यंत जाऊ शकतात, ही बातमी त्याने आणली. विजयदुर्गाच्या अजिंक्यपणाचा निम्मा धाक तिथेच संपला. निघण्यापूर्वी मुंबईत इंग्रज अंमलदारांनी बसून लुटीची वाटणीही ठरवली. त्या वाटणीत मराठ्यांना कवडी नव्हती. दोस्त म्हणवणाऱ्यांनी मोहिमेआधी केलेला हा कागद आहे. त्यापुढे पुण्याच्या मुत्सद्द्यांचा भोळेपणा मला आजही समजत नाही.

११ फेब्रुवारी १७५६ ला इंग्रजी काफिला वाघोटणच्या खाडीसमोर आला. तोवर खुष्कीच्या मार्गाने मराठी फौजेने तुळाजीची बरीच ठिकाणे घेतली होती. तुळाजी स्वतः किल्ला मेहुण्यावर सोपवून मराठी छावणीत तहाचे बोलणे करायला गेला होता. ही गोष्ट नीट ध्यानात घ्या. तो शरण यायच्या बेतात होता. थोडा दम धरला असता, तर आरमारासकट विजयदुर्ग पेशव्यांच्या पदरात पडण्याची चांगली शक्यता होती.

दुसऱ्या दिवशी, १२ फेब्रुवारीला दुपारी, इंग्रजी जहाजे दोन रांगांनी खाडीत शिरली आणि तोफा सुरू झाल्या. तुळाजीची गुराबे आणि गलबते किल्ल्याच्या पायथ्याशी एकमेकांना बांधून ठेवलेली होती. त्यांतच ‘रेस्टोरेशन’ होते, तुळाजीने पूर्वी इंग्रजांकडूनच पकडलेले मोठे जहाज. एक पेटता गोळा त्यावर पडला, जहाजाने पेट घेतला आणि बांधलेल्या दोरांबरोबर आग शेजारच्या तारवावर, तिथून पुढच्यावर अशी सरकत गेली. संध्याकाळपर्यंत सगळे आरमार जळाले. गोदीत बांधून होत आलेली जहाजेही गेली. अंधार पडताच क्लाइव्ह फौजेसह किनाऱ्यावर उतरला आणि किल्ला व मराठी छावणी यांच्यामध्ये जाऊन उभा राहिला. मराठी फौज आधी आत शिरू नये, हा त्याचा हेतू होता. १३ तारखेला किल्ला पडला. सुमारे दहा लाखांची लूट इंग्रजांनी आपसात वाटून घेतली.

तुळाजी मरेपर्यंत पेशव्यांच्या कैदेत राहिला. किल्ला मात्र करार होऊनही इंग्रज सोडीनात. तो परत मिळवायला ऑक्टोबर उजाडला. १२ ऑक्टोबर १७५६ चा नवा तह करावा लागला आणि बाणकोट व भोवतालची गावे इंग्रजांना पक्की करून द्यावी लागली. आपल्याच राज्याच्या किल्ल्यासाठी पेशव्यांनी दुसऱ्यांदा किंमत मोजली. वॉटसन आणि क्लाइव्ह त्याच महिन्यात बंगालकडे निघाले. पुढच्या जूनमध्ये प्लासी झाली.

आता विरुद्ध पक्षाचे म्हणणे घेतो, कारण ते वजनदार आहे. पहिले असे की आरमार संपले कुठे? पेशव्यांचे आरमार विजयदुर्गालाच होते, आणि १७८३ मध्ये आनंदराव धुळपांनी इंग्रजांचे ‘रेंजर’ जहाज झुंजून पकडले. खरे आहे, आणि धुळपांच्या पराक्रमाला माझा मुजरा आहे. पण १७७४ च्या डिसेंबरात इंग्रजांनी ठाणे आणि साष्टी घेतली तेव्हा, किंवा १७८० मध्ये वसई घेतली तेव्हा, मुंबईच्या दाराशी त्यांना अडवील असे मराठी आरमार कुठे होते? कान्होजींच्या काळी मुंबईकरांची झोप उडत असे. धुळपांच्या काळी एखाद्या जहाजाला धोका होता, मुंबईला नव्हता. मोठी जहाजे बांधणारे कारागीर, गोदी, तोफा, आणि किनाऱ्याचा खडक न् खडक माहीत असलेले खलाशी या सगळ्याची घडी त्या एका संध्याकाळी विस्कटली, ती पुन्हा बसली नाही.

दुसरे म्हणणे असे की इंग्रज शेवटी समुद्रावर वरचढ ठरणारच होते, तुळाजी असता तरी काय फरक पडला असता? कदाचित पडलाही नसता. पण शत्रूने घर पाडणे आणि भावाशी भांडण झाले म्हणून शेजाऱ्याला बोलावून त्याच्याकडून पाडून घेणे, यांत फरक आहे. पहिल्यात पराभव असतो. दुसऱ्यात शेजाऱ्याला घराची वाट, भिंतीची जाडी आणि भावाभावातली भेग, तिन्ही दाखवून दिलेली असतात. राघोबादादा वीस वर्षांनी सुरतेला गेले, तेव्हा घरच्या भांडणात इंग्रज बोलवायचा पायंडा पडून मुरलेला होता, आणि तो त्यांच्या थोरल्या भावानेच पाडला होता.

पानिपतावर सव्वा लाख बांगडी फुटली. ते दुःख मी कमी लेखत नाही. पण दहा वर्षांत, १७७१ मध्ये, महादजी शिंदे पुन्हा दिल्लीत होते आणि पुढच्या वर्षी बादशहाला त्यांनी तख्तावर बसवले. पानिपत भरून निघाले. समुद्र गेला तो गेलाच. आणि पानिपतावर भाऊसाहेबांपुढे मार्ग थोडे होते, अब्दाली समोर होता, रसद तुटली होती. नानासाहेबांपुढे असा कोणताच नाइलाज नव्हता. वेळ होता, फौज होती, अमात्यांचा इशारा होता, वडिलांचा पायंडा होता.

नानासाहेब सामान्य राज्यकर्ते नव्हते. त्यांच्या कारभारात राज्याचा विस्तार झाला. कात्रजहून पुण्याला पाणी आणणारे तेच. म्हणून त्यांच्याकडून ही चूक अक्षम्य ठरते, असा माझा निवाडा आहे. ज्या श्रोत्यांना तो मान्य नसेल, जे पानिपताच्या किंवा वसईच्या बाजूने उभे राहतील, त्यांनी १७५५ च्या कराराची कलमे आणि आज्ञापत्रातला टोपीकरांविषयीचा मजकूर शेजारी ठेवून एकदा वाचावे आणि मग माझे म्हणणे खोडून काढावे. आत्ता चर्चेला वेळ आहे, आणि मी उत्तर द्यायला इथेच आहे.