शस्त्र लावण्यापूर्वी



शालेय विज्ञानाच्या पुस्तकात ‘उखळीचा सांधा’ म्हणून ज्याचे चित्र असते, तो खुब्याचा सांधा. मांडीच्या हाडाचा गोल माथा कटीच्या हाडातील खोलगट उखळीत फिरतो, एवढे प्रत्येक विद्यार्थी पाठ करतो. उखळी फुटली तर काय होते, हे मात्र त्या पुस्तकात नसते. मोटारीच्या अपघातात गुडघा समोरच्या डॅशबोर्डवर आपटतो, धक्का मांडीच्या हाडातून वर चढतो आणि हाडाचा माथा उखळीची मागची भिंत फोडून बाहेर सरकतो. आभासी वास्तव, म्हणजेच व्हर्च्युअल रिॲलिटी, शल्यविशारदाच्या खरोखर कामाची कोठे आणि नुसती नवलाई कोठे, हे पारखायचे तर हाच अस्थिभंग समोर ठेवावा.

ही उखळी जाड स्नायूंच्या आड खोलवर असते. तिच्या मागून सायटिक नस जाते, पुढून पायाच्या मोठ्या रक्तवाहिन्या. एकाच छेदातून तिच्या सर्व बाजू दिसत नाहीत. म्हणून पुढून उघडायचे की मागून, हा निर्णय रुग्णाला टेबलावर घेण्यापूर्वीच व्हावा लागतो. तो चुकला, तर हाडाचा तुकडा हाताशी येतच नाही. शिवाय सांध्याच्या आतील पृष्ठभाग जवळजवळ मिलिमीटरच्या हिशेबाने जुळवावा लागतो. तेथे पायरी राहिली, तर कूर्चा झिजत जाते आणि तिशीतल्या माणसावरही पुढे कृत्रिम सांधा बसवून घेण्याची वेळ येऊ शकते.

या गुंत्याला शिस्त लावली ती पॅरिसच्या रॉबर्ट जुदे आणि एमिल लेतूर्नेल यांनी. १९६४ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या लेखातून या अस्थिभंगाचे जे वर्गीकरण पुढे आले, त्यातील पाच मूळ आणि पाच संमिश्र असे दहा प्रकार आजही शिकवले जातात. सीटी स्कॅन तेव्हा नव्हता. रुग्णावर तो प्रथम १९७१ मध्ये झाला. एक सरळ आणि रुग्णाला दोन्ही बाजूंना ४५ अंशांत कलवून दोन, अशा तीन क्ष-किरण चित्रांतील सपाट सावल्यांवरून फुटलेली उखळी मनात उभी करायची आणि भंगाच्या रेषा सुक्या हाडावर रेखाटायच्या, ही ती शिस्त. ती अंगी बाणायला वर्षे लागत, आणि प्रत्येकालाच ती साधे असे नाही.

आभासी वास्तव नेमके येथे मदतीला येते. सीटी स्कॅनमधील पातळ काप एकावर एक रचून संगणक हाड भोवतालच्या मांसापासून वेगळे करतो. मग प्रत्येक तुकड्याला निराळा रंग दिला जातो. डोळ्यांवर उपकरण चढवलेला शल्यविशारद त्या कटीभोवती फिरू शकतो. मांडीचे हाड बाजूला सारून उखळीत थेट डोकावू शकतो. तुकडे हाताने उचलून जागी बसवून पाहता येतात. रुग्णाची दुसरी बाजू शाबूत असेल, तर तिचे आरशातले प्रतिबिंब नमुना म्हणून शेजारी ठेवता येते. पट्टी किती लांब, तिला बाक कोठे, स्क्रू कोणत्या दिशेने घातला तर तो सांध्यात शिरणार नाही, हे सारे भूल देण्यापूर्वी ठरते. एखादी योजना फसलीच, तर ती पुसून पुन्हा मांडता येते. टेबलावर ही चैन नसते.

तरीही या चित्रात एक फसवेपणा आहे. आभासी तुकडा बोट लावताच सरकतो. खऱ्या तुकड्याला स्नायू ओढून धरतात. अपघाताला तीन आठवडे उलटले, की भरून येऊ पाहणारे नवे हाड त्याला आणखी जखडते. ठिसूळ हाडात एकमेकांत रुतलेले तुकडे वेगळे करताना संगणकाचीही गल्लत होते आणि मग माणसालाच काप न् काप तपासावा लागतो. हाडाच्या या चित्रात सायटिक नस तर बहुधा दिसतच नाही.

पालकांच्या दृष्टीने आणखी एक बाजू महत्त्वाची. रंगीत, फिरते चित्र पाहिले की नातेवाइकांना शस्त्रक्रिया चटकन समजते, हा मोठा लाभ. पण समजणे निराळे आणि भारावून होकार देणे निराळे. चित्रातला जोड निर्दोष दिसला, तरी जंतुसंसर्ग, नसेची इजा, पुढे सांधा झिजण्याची शक्यता हे धोके उरतातच. ते चित्रात नसल्यामुळे डॉक्टरने तोंडाने सांगितले पाहिजेत आणि घरच्यांनी विचारले पाहिजेत.

शिकणाऱ्या डॉक्टरांसाठी क्रम कोणता असावा? आधी तीन साधी क्ष-किरण चित्रे पाहून हाडाच्या नमुन्यावर खडूने भंगाच्या रेषा काढाव्यात, मग उपकरण डोळ्यांवर चढवावे, हा क्रम उत्तम. शस्त्रक्रियागृहात ते उपकरण सहसा उतरवलेलेच असते. तेथे समोर असतात त्याच क्ष-किरणांच्या सपाट सावल्या, आणि रक्ताने भरलेल्या जखमेत भंगाची कड चाचपणारे बोट.