यमुनेच्या मैत्रिणी

डिकन्सच्या 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स' (१८६०-६१) या कादंबरीत जो नावाचा लोहार पिपला भेटावयास लंडनला येतो. जो हा पिपच्या बहिणीचा नवरा. त्यानेच त्याला मायेने वाढविले. पण पिप आता साहेब झाला आहे. जो मधूनच जुन्या लाडाने बोलतो, मधूनच 'सर' म्हणतो. आपल्याकडे 'अरे'चे 'अहो' व्हावे तसे. पैसे देऊन ही भेट टळली असती, तर पिपने ती टाळली असती!

त्याआधीच, १८५७ साली, बेळगावात जन्मलेल्या बाबा पदमनजींचे 'यमुनापर्यटन' प्रसिद्ध झाले. त्यातील अंतर पैशाचे नव्हे. ते एकाच माजघरातले, सवाशीण आणि विधवा यांच्यामधले आहे. यमुना पतीसह गावोगाव फिरते, विधवांच्या कहाण्या ऐकते, हळहळते आणि पुढच्या मुक्कामाला निघते. हिला मैत्री म्हणावे काय? मला तसे वाटत नाही. ती कणव आहे. स्वतःचे कुंकू शाबूत असलेल्या स्त्रीची कणव. (मी ख्रिस्ती असूनही पुस्तकातील उपदेश मला जड वाटतो, हेही सांगून टाकतो.)

पण पुढे तिचा पती विनायक मरण पावतो, आणि यमुनेच्याही केशवपनाची भाषा घरात सुरू होते.

निपाणीच्या वर्गात मी येथवर आलो, तेव्हा मागच्या बाकावरील एका मुलीने विचारले, "सर, आता यमुनेची कहाणी ऐकायला कोण आले?"

त्या दिवशी पुढचा धडा झाला नाही.